लॅपटॉप कोणाचाही असो, तो कुठून सुरू करायचा हे आपण ठरवू

उत्तर नागपुरातल्या आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत पाच लॅपटॉप आहेत. एका कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी नवे घेतले, तेव्हा तिथे नोकरीला असलेल्या आपल्याच एका भावाने खटपट करून जुने मिळवून दिले. अभ्यासिकेत नियमित येणारी मुले-मुली तीस. म्हणजे एका लॅपटॉपमागे सहा जण. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. त्याच्या आधीपासूनच पडद्यावर सूचना येत होती की हा संगणक विंडोज ११ साठी पात्र नाही. दुरुस्तीच्या दुकानात विचारले, तर उत्तर मिळाले, भंगारात द्या आणि नवे घ्या.

विहाराच्या बैठकीत मी वेगळा प्रस्ताव मांडला. लॅपटॉप टाकायचे नाहीत, आतले विंडोज पुसायचेही नाही. मुलांना एकेक बाहेरचा ड्राइव्ह द्यायचा, त्यावर लिनक्स टाकायचे आणि लॅपटॉप त्या ड्राइव्हवरून सुरू करायला शिकवायचे. माझे बोलणे संपायच्या आत मागे बसलेले एक ज्येष्ठ काका उभे राहिले आणि म्हणाले, "उष्टं खाणं आपण कायले सोडलं? आता पोरायले साहेबलोकायनं फेकलेले डबडे चालवाले शिकवता का?"

सभागृह शांत झाले. काकांनी नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्ल्या आहेत. त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता आणि त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे. ते फक्त काकांसाठी नाही. जुने संगणक घेऊन अभ्यासिका चालवणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्यापुढे हा प्रश्न कधी ना कधी येणार आहे.

लॅपटॉप म्हणजे विंडोज नव्हे

आधी नेमके काय करायचे ते समजून घेऊ. आपल्यातल्या बहुतेकांना लॅपटॉप आणि विंडोज ही एकच वस्तू वाटते. ती एक नाही. बटण दाबल्यावर सर्वात आधी जागा होतो तो मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्राम. जुन्या भाषेत त्याला बायोस म्हणतात, नव्या यंत्रांत यूईएफआय. तो कीबोर्ड, मेमरी, डिस्क तपासतो आणि मग त्याच्याकडे असलेल्या यादीप्रमाणे शोधतो की कार्यप्रणाली कुठे आहे. यादीत आतली डिस्क पहिली असते म्हणून विंडोज सुरू होते. त्याला सांगितले की आज यूएसबीला लावलेल्या ड्राइव्हवर बघ, तर तो तिथे बघतो. तिथे लिनक्स असेल तर लिनक्स सुरू होते. आतल्या डिस्कला हातही लागत नाही. ड्राइव्ह काढा, परत सुरू करा, विंडोज जसेच्या तसे हजर.

यात जादू काही नाही. पण हा निर्णय आपल्याला घेता येतो हेच आपल्याला कोणी सांगितलेले नसते. विकत घेताना सांगत नाहीत, संगणकाच्या कोर्समध्येही क्वचितच सांगतात. माहीत नसणे हा एखाद्या माणसाचा दोष असतो. पण पूर्ण वस्तीलाच माहीत नसते, तेव्हा ती व्यवस्था असते. समाजशास्त्रात याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात. ज्याच्या घरात मामा अभियंता आहे, त्याला हे जेवताना कळते. आपल्या पोराला दुकानदाराकडून कळते, आणि दुकानदार सांगतो, नवे घ्या.

उष्टे कशाला म्हणायचे?

आता काकांच्या प्रश्नाकडे येतो. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे मागून खाणे सोडायला सांगितले. ते अन्न फक्त शिळे होते म्हणून नव्हे. ते ज्या नात्यातून मिळत होते, ते नाते अपमानाचे होते. देणारा कायम देणारा, घेणारा कायम हात पसरणारा, आणि घेतल्याबद्दल गावकीची राबणूक वंशपरंपरेने गळ्यात. नाकारायचे होते ते हे नाते.

त्याच कसोटीवर आपले पाच लॅपटॉप तपासू. कंपनीचा अधिकारी विहारात येऊन हार घालून घेणार, मुलांना रांगेत उभे करून फोटो काढणार आणि आपण वर्षभर त्याचे आभार मानत राहणार असू, तर काका बरोबर आहेत, ते उष्टेच आहे. म्हणून आम्ही दोन गोष्टी केल्या. लॅपटॉप विहाराच्या मालमत्तेच्या नोंदवहीत रीतसर चढवले आणि फोटोचा कार्यक्रम ठेवला नाही.

दुसरी गोष्ट. हे लॅपटॉप निकामी आहेत हे कोणी ठरवले? प्रोसेसर चालू आहे, पडदा ठीक आहे, कीबोर्डची दोन बटणे सोडली तर सगळे ठीक आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्या यादीत नाहीत. यंत्र बिघडलेले नाही, ते यादीतून वगळले आहे. कागदावरच्या यादीने एखाद्याला बाहेर काढणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. उलट लिनक्स मिंटसारख्या प्रणालीला २ जीबी रॅमवरही सुरू होता येते, ४ जीबी असेल तर काम आरामात चालते. आमच्या पाचही लॅपटॉपमध्ये ४ जीबी आहे.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. आपण लॅपटॉप नाकारला म्हणून तो नाहीसा होत नाही. विंडोज १० च्या शेवटामुळे जगभरात सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनालिस या बाजार संशोधन संस्थेने आधीच वर्तवला होता. हा कचरा आपल्या देशात कोण फोडतो? दिल्लीच्या सीलमपूरमध्ये जाऊन बघा. गल्ल्यांमध्ये बसून गरीब माणसे उघड्या हातांनी मदरबोर्ड तोडतात, तांब्यासाठी तारा जाळतात, सोन्याच्या कणांसाठी पाट्या आम्लात बुडवतात. या देशात घाण उचलण्याचे काम कोणत्या वस्त्यांवर येते हे वेगळे सांगायला नको. जो लॅपटॉप अभ्यासिकेच्या टेबलावर नको म्हणून आपण परत पाठवू, तोच उद्या आपल्याच कोणा भावाच्या फुप्फुसात धूर होऊन शिरणार. मग स्वाभिमान कशात आहे? मला वाटते, चालणारे यंत्र कोणाच्या तरी यादीसाठी न मरू देण्यात आहे.

मात्र काकांच्या म्हणण्यातला एक भाग मी शंभर टक्के मान्य करतो. आपण जुन्यावर भागवतो हे बघून सरकारने हात झटकायला नकोत. समाजकल्याणच्या वसतिगृहांत नवे संगणक आणि चालू इंटरनेट हा विद्यार्थ्यांचा हक्क आहे. त्यासाठी निवेदने, मोर्चे, माहिती अधिकाराचे अर्ज सुरूच राहिले पाहिजेत. बाहेरचा ड्राइव्ह हा त्या हक्काचा पर्याय नाही. हक्क मिळेपर्यंत अभ्यास थांबू नये, एवढ्यासाठी तो आहे.

एक लॅपटॉप, सहा जण

आता आतल्या डिस्कवरच लिनक्स का टाकत नाही, बाहेरचा ड्राइव्ह कशाला, असे एका तरुण साथीने विचारले. याचे उत्तर अभ्यासिकेच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये आहे. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे दिवस आले की त्या फोल्डरमध्ये काय काय साठते ते बघा. कोणाचे आधार कार्ड, कोणाचा जातीचा दाखला, कोणाचा उत्पन्नाचा दाखला, कोणाच्या आईचे बँक पासबुक. सगळे उघडे पडलेले. एखाद्या मुलीने आपले ईमेल बंद करायचे विसरले तर पुढच्याला तिचा सगळा पत्रव्यवहार दिसतो. मुले वाईट नाहीत, पण सहा जणांची एकच वही असेल तर असेच होणार.

आपल्या वस्तीतल्या मुलाला, आणि त्याहून जास्त मुलीला, स्वतःची खोली नसते. स्वतःचे कपाट नसते, फोन भावाबरोबर वाटून घ्यावा लागतो. तिच्या खिशात स्वतःचा ड्राइव्ह असेल, त्यावर तिची कार्यप्रणाली, तिच्या नोट्स, तिचा पासवर्ड असेल, तर पाचपैकी कोणत्याही लॅपटॉपला तो लावून ती स्वतःच्या टेबलावर बसू शकते. उठताना काढून घेतला की मागे काही राहत नाही. लिनक्स टाकतानाच ड्राइव्ह कूटबद्ध करायचा पर्याय असतो. तो निवडला की ड्राइव्ह हरवला तरी पासवर्डशिवाय कोणाला वाचता येत नाही. यंत्र सामायिक, पण घर आपले. माझ्या मते बाहेरच्या ड्राइव्हचा खरा फायदा हाच आहे, जुना लॅपटॉप वाचणे हा त्यानंतरचा.

दुसरा आक्षेप नोकरीचा. एमएस-सीआयटी विंडोजवर, टायपिंगची परीक्षा विंडोजवर, कार्यालयात एक्सेल आणि टॅली. मग पोरांना लिनक्स शिकवून त्यांचे नुकसान का करायचे? करायचेच नाही. म्हणूनच आतले विंडोज पुसायचे नाही. टायपिंगचा आणि एक्सेलचा सराव विंडोजवर करा, पण आधार संपलेल्या विंडोजला इंटरनेट जोडू नका. अर्ज, बँक, ईमेल, वाचन हे नेटवरचे काम बाहेरच्या ड्राइव्हवरून करा. आणि लिनक्सला नोकरीत किंमत नाही हा समजही जुना आहे. देशातल्या जिल्हा न्यायालयांमध्ये ई-कोर्ट प्रकल्पात उबुंटू हे लिनक्स वापरले जाते, केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवत आहेत आणि जगातले बहुतेक सर्व्हर लिनक्सवरच चालतात. दोन्ही येणारे पोर एकच येणाऱ्याच्या मागे राहत नाही.

कसे करायचे, आणि माझी चूक

ज्यांना करून बघायचे आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. त्यावरचे सगळे पुसले जाणार आहे, म्हणून आधी त्यातल्या फाइली दुसरीकडे काढा. लिनक्स मिंट किंवा उबुंटूच्या अधिकृत ठिकाणाहूनच आयएसओ फाइल उतरवा. तिथे एसएचए-२५६ नावाचा लांबलचक आकडा दिलेला असतो. उतरवलेल्या फाइलचा तोच आकडा येतो का ते तपासा. कोणी दिले म्हणून, सगळे वापरतात म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, हे कालाम सुत्तात तथागतांनी सांगितले आहे. इथे ते शब्दशः लागू पडते. मग रूफस या प्रोग्रामने ती फाइल पेन ड्राइव्हवर चढवा.

विंडोज बंद करताना 'रीस्टार्ट' वापरा, कारण साध्या 'शट डाउन'मध्ये विंडोज बहुतेक वेळा अर्धवट झोपलेले असते. पडदा काळा झाला की बूट मेनूची कळ दाबत राहा. डेल आणि लेनोव्होच्या बऱ्याच यंत्रांत ती एफ१२ आहे, एचपीमध्ये एफ९, असुसमध्ये एस्केप. यादीत यूएसबी निवडा. काही मिनिटांत लिनक्स समोर येईल. काही टाकायचे नाही, काही पुसायचे नाही, फक्त बघायचे. वंदनेत आपण धम्माला एहिपस्सिको म्हणतो, या आणि स्वतः पाहा. आधी असेच पाहा, पटले तर पुढे जा.

या अवस्थेत केलेले काम यंत्र बंद केले की पुसले जाते हे लक्षात ठेवा. काम टिकायला हवे असेल तर दोन मार्ग आहेत. रूफसमध्ये उबुंटूसारख्या प्रणालींसाठी कायमस्वरूपी साठवणीची जागा राखून ठेवता येते. किंवा बाहेरच्या एसएसडीवर लिनक्स पूर्णपणे टाकता येते. रोजच्या वापराला एसएसडीच बरी, साधा पेन ड्राइव्ह संथ चालतो आणि सतत लिहून लवकर झिजतो. ती यूएसबी ३ च्या खाचेत लावा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती खाच आतून निळी असते.

इथेच मी चुकलो. पहिली एसएसडी तयार करताना सगळे पर्याय नीट निवडले, प्रणाली एसएसडीवरच गेली. पण ती सुरू करून देणारा छोटा भाग, ज्याला बूटलोडर म्हणतात, तो इन्स्टॉलरने लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर टाकला. एसएसडी काढून लॅपटॉप सुरू केला, तर काळ्या पडद्यावर 'ग्रब' एवढा शब्द आणि पुढे लुकलुकणारी रेघ. विंडोज गेले असे वाटून घाम फुटला. तो लॅपटॉप विहाराचा नव्हता, एका विद्यार्थिनीने विश्वासाने दिलेला तिचा स्वतःचा होता. विंडोज गेले नव्हते. बूट मेनूमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' निवडल्यावर सुरू झाले आणि बायोसच्या यादीत तेच पहिले ठेवल्यावर प्रश्न मिटला. पण तो अर्धा तास मी विसरणार नाही. तेव्हापासून नियम केला की एसएसडीवर लिनक्स टाकताना आतली डिस्क बायोसमधून बंद करायची, ती सोय नसेल तर काढून ठेवायची, आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपवर पहिला प्रयोग करायचा नाही.

आणखी एक सावधगिरी. नव्या लॅपटॉपमध्ये विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असू शकते. सुरक्षित बूटची सेटिंग बदलली तर पुढच्या वेळी ते ४८ आकडी किल्ली मागते. ती आधी लिहून ठेवल्याशिवाय बायोसमध्ये हात घालू नका. आणि ज्या डिस्कला असे कुलूप नाही, तिच्यावरच्या फाइली बाहेरून सुरू केलेले लिनक्स सहज वाचू शकते, विंडोजचा पासवर्ड आडवा येत नाही. विंडोज बंद पडल्यावर नोट्स वाचवायला याचा उपयोग होतो. पण तुमचा लॅपटॉप हाती लागलेल्या कोणालाही हेच करता येते, हेही ध्यानात असू द्या.

सुरक्षेचा भ्रम नको

चळवळीतल्या साथींना हा विषय आणखी एका कारणाने जवळचा आहे. भीमा कोरेगाव प्रकरणात रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये नेटवायर नावाच्या घातक प्रोग्रामच्या मदतीने बाहेरून फाइली घुसवल्या गेल्या, असा निष्कर्ष अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने काढला आणि तो फेब्रुवारी २०२१ मध्ये जगापुढे आला. एनआयएने तो मान्य केला नाही. न्यायालयात जे व्हायचे ते होईल, पण कार्यकर्त्याने यातून एक धडा घ्यायलाच हवा. आपल्या यंत्रात काय चालले आहे हे आपल्याला कळत नसेल, तर ते यंत्र आपले नाही.

बाहेरच्या ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला की आतल्या विंडोजमध्ये दडलेला प्रोग्राम त्या वेळी चालत नाही, हे खरे. टेल्ससारखी प्रणाली तर बंद करताच मागचे सगळे विसरावे अशाच रीतीने बनवली आहे. पण म्हणून आपण अभेद्य झालो असे कोणी समजू नये. फसव्या ईमेलमधली फाइल लिनक्सवर उघडली तरी फसवणूक होऊ शकते, चोरलेला पासवर्ड कुठूनही वापरता येतो आणि खिशातला फोन तर जसाच्या तसा आहे. ड्राइव्ह हे एक कुलूप आहे. दार-खिडक्या आपल्यालाच बघाव्या लागतील.

छापखाना आणि ड्राइव्ह

१९२० साली 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही. पुढे बाबासाहेबांनी आपला छापखाना उभा केला. तो पुण्या-मुंबईतल्या मोठ्या छापखान्यांपेक्षा लहान होता, पण काय छापायचे हे ठरवायला कोणाची परवानगी लागत नव्हती. गांधीवादावर टीका करताना त्यांनी १९४५ च्या ग्रंथात यंत्राची बाजू घेतली, हेही आपण विसरतो. त्यांचे म्हणणे असे होते की दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मोजक्यांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. यंत्राने माणसाला फुरसत द्यावी आणि त्या फुरसतीत माणूस सुसंस्कृत व्हावा, ही त्यांची अपेक्षा होती. ती फक्त वरच्यांसाठी नव्हती.

लिनक्सने जात जाणार नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या सभांमध्येही व्यासपीठावर कोणाची आडनावे असतात हे मी पाहिले आहे. ज्ञान फुकट उपलब्ध असले म्हणून ते आपोआप वस्तीत येत नाही, कोणीतरी ते उचलून आणावे लागते. म्हणून आमच्या अभ्यासिकेत एकच अट ठेवली आहे. ज्याला ड्राइव्ह मिळाला त्याने पुढच्या दोघांना तो बनवायला शिकवायचे. आजवर बारा ड्राइव्ह तयार झाले, त्यातले पहिले तीन मी केले. बाकीचे मुलांनी केले, आणि त्यातले सर्वाधिक एका बी.ए.च्या मुलीने.

काका मागच्या महिन्यात अभ्यासिकेत आले. त्या मुलीच्या मागे बराच वेळ उभे राहिले आणि विचारले, "याच्यात मराठी लिहिता येते का?" तिने इनस्क्रिप्ट कीबोर्ड सुरू करून त्यांचेच नाव टाइप करून दाखवले. काका काही बोलले नाहीत. उष्ट्याबद्दलचा त्यांचा मुद्दा त्यांनी सोडला आहे असे मी म्हणणार नाही, आणि त्यांनी तो सोडूही नये. जाताना फक्त एक ड्राइव्ह कितीला पडतो एवढे विचारून गेले.

साथींनो, जयंतीची वर्गणी सगळीकडेच जमते. एका रात्रीच्या डीजेला जो खर्च होतो, त्यात आपल्या अभ्यासिकेतल्या कितीतरी मुलांना स्वतःचा ड्राइव्ह मिळू शकतो. या १४ एप्रिलच्या आधी आपल्या विहाराच्या बैठकीत हा विषय घ्या. आक्षेप येतील, येऊ द्या, त्यांना उत्तर द्या. आणि पहिला ड्राइव्ह स्वतः बनवा.

जय भीम!